कंपनीत असलेल्या कॅमेऱ्याबाबत

जबाब

मी, एका दैनिकाचा बातमीदार, वय एक्कावन्न वर्षे, शिक्षण संस्कृत विषय घेऊन पदवी, धंदा बातम्या लिहिणे व अलीकडे नाइलाजाने फोटोही काढणे, राहणार पाण्याच्या टाकीमागची वसाहत, दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार. मला कचेरीत आणि गल्लीत शास्त्रीबुवा म्हणतात. हा पदवीचा परिणाम आहे, विद्वत्तेचा नाही. आज पोलीस ठाण्यात आणला गेल्यावर, कोणी दटावलेले नसताना आणि हवालदारसाहेबांनी दिलेल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर बसून सांगतो ते असे :

आमच्या दैनिकाचे फोटोग्राफर निवृत्त झाले. त्यांच्या जागी दुसरा माणूस येईल अशी आमची समजूत होती. ती जागा 'व्यपगत' झाल्याचे संपादकांनी कळवले. हा शब्द तत्सम असून त्याचा अर्थ 'आता तूच काढ' असा होतो. मोबाइलवर काढलेले माझे पहिले फोटो छापून आले, तेव्हा त्यात अध्यक्ष कोणते आणि समई कोणती हे खालची ओळ वाचूनच कळत होते. म्हणून चांगला कॅमेरा घेण्याचे ठरले. माहितगारांनी सल्ला दिला की फुलफ्रेमच घ्या, पण नवा झेपणार नाही, वापरलेला बघा. फुलफ्रेम म्हणजे ज्याच्या पोटातली उजेड टिपणारी पाटी जुन्या फिल्मच्या चौकटीएवढी मोठी असते तो कॅमेरा. या माहितीचा प्रकरणाशी संबंध काय, असे हवालदारांनी विचारले. वस्तू काय आहे हेच कळले नाही तर ती चोरीची आहे की नाही हे कसे कळणार, असे मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ आहे. तो चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांना सगळे हनुवटीकाका म्हणतात. खुर्चीत बसलेल्या प्रत्येक इसमाला ते 'हनुवटी खाली' असे सांगतात. इसमाची हनुवटी आधीच खाली असली तरी सांगतात. या भागातल्या बहुतेक माणसांची ओळखपत्रे त्यांच्याच निळ्या पडद्यापुढे तयार झालेली आहेत. माझे वार्ताहराचे ओळखपत्र आणि हवालदारांचे ओळखपत्र आम्ही शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींत निळा पडदा आहे आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकाच गुन्ह्यातले आरोपी असल्याचा भाव आहे.

वापरलेला कॅमेरा घेताना काय बघायचे हे काकांना विचारावे, म्हणून मागच्या महिन्यात एका दुपारी मी स्टुडिओत गेलो. काका वरच्या मजल्यावर झोपले होते. ते दोघे वरच राहतात. काउंटरवर त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, फोटोच्या काचा वर्तमानपत्राने पुसत बसल्या होत्या. वर्तमानपत्र आमचेच होते.

मी विचारले, "काकू, जुना फुलफ्रेम कुठे मिळेल?"

काकू म्हणाल्या, "जुना कशाला? नव्या आहेत की. फुल आहेत, हाफ आहेत. सोनेरी देऊ का लाकडी?"

मी म्हणालो, "फोटोची फ्रेम नाही. फुलफ्रेम कॅमेरा. नुसती बॉडी नको, भिंगासकट हवा."

'नुसती बॉडी' या शब्दांपाशी हवालदारांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिले. बॉडी म्हणजे भिंग न लावलेला कॅमेरा, असा खुलासा मी केला. तो त्यांनी समासात टिपून घेतला आहे.

काकूंनी काच खाली ठेवली. मग जिन्याकडे पाहिले. मग काउंटरचा खालचा खण उघडून एक कॅमेरा बाहेर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. कॅमेऱ्याला निळा कापडी पट्टा होता. स्टुडिओचा जुना पडदा विरला तेव्हा त्याच्या काठाचे कापड दुहेरी करून काकूंनी तो घरीच शिवलेला आहे.

मी तयारीनिशी गेलो होतो. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले-मिटले आहे हे विचारावे, असे मला बजावण्यात आले होते. म्हणून मी विचारले, "शटर किती वेळा पडलंय?"

"रोज रात्री एकदा," काकू म्हणाल्या. "दुपारी अर्धं. आता अर्धंच आहे, तुम्ही वाकून आलात ना?"

मी वाकूनच आलो होतो. कॅमेऱ्यातही एक शटर असते, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या की त्याचे त्यांना माहीत नाही, पण यांनी कॅमेऱ्याला कधी धक्का लागू दिला नाही. घरच्या माणसांना लागला असेल.

नंतर त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. बिघडलाय तो. फोटो हलतात."

फोटो हलतात म्हणजे अस्पष्ट, दुहेरी कडांचे येतात. हवालदारांना हे समजावून सांगावे लागले नाही. त्यांच्या भाच्याच्या ओळखपत्राचा फोटो मध्यंतरी दोनदा परत आला होता, असे ते म्हणाले, आणि ते लिहायचे नाही असेही म्हणाले. मी ते लिहावे असा आग्रह धरला. त्यांनी लिहिले.

बिघडलेला कॅमेरा कोणी घेत नाही. तरी पाहावे म्हणून मी त्यात माझ्याजवळचे मेमरी कार्ड घातले आणि समोर बसलेल्या काकूंचाच एक फोटो काढला. माझ्या हातचा तो त्या कॅमेऱ्यावरचा पहिला फोटो. मागच्या काचेवर मी तो मोठा करून पाहिला. फोटो हलला नव्हता. काकूंनीही पाहिला. पाहून त्यांनी अर्धवट पुसलेली काच पुन्हा घेतली आणि पुसलेल्याच बाजूने पुसू लागल्या.

मी म्हणालो, "काकू, याला काही झालेलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काय मग. बिघडलाय म्हणूनच घेऊन जायचा. तुम्ही बातम्या लिहिता, एवढं जमेल की."

यानंतर काकूंनी जे सांगितले ते त्यांच्या शब्दांत सांगतो. त्या म्हणाल्या, "परवा एका लग्नाचा अल्बम परत आला. माणसं चांगली होती हो. भांडली नाहीत. अल्बम इथे काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, राहू दे काका. भांडली असती तर बरं झालं असतं. हे संध्याकाळपर्यंत तो अल्बम घेऊन बसले होते. आता त्यांना कोण सांगणार? मी म्हटलं, कॅमेरा बिघडलाय, कंपनीत टाकते दुरुस्तीला. टाकला म्हणून सांगितलंय."

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, असेल."

"आणि कंपनीतून परत आला नाही म्हणजे?"

"पार्ट मिळत नाही म्हणेन. हल्ली कशाचा पार्ट मिळतो? पण घरात ठेवला तर एक दिवस सापडेल, पुन्हा कुणाचं तरी लग्न घेतील, आणि पुन्हा कुणीतरी काउंटरवर अल्बम ठेवून जाईल. ते मला बघवणार नाही. तुम्ही न्या. फक्त आमच्या गल्लीत गळ्यात अडकवून हिंडू नका."

ठरलेली रक्कम मी काकूंना दिली. ती योग्य होती. इतकी योग्य की जास्त द्यावी असे वाटले आणि त्यांनी घेतली नसती. पट्टा काढून ठेवू का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "असू दे. त्याच्याशिवाय तो बोडका दिसतो." मी कॅमेरा भाजीच्या पिशवीत घालून, वाकून बाहेर पडलो. चोरीचा माल नेणारे इसम असेच बाहेर पडत असावेत, असे त्या वेळी माझ्या मनात आले होते, हे मी आपण होऊन सांगत आहे.

घरी नेल्यावर कॅमेरा लावून घेण्याचे काम सुरू झाले. माझी पत्नी शाळेत गणित शिकवते. तिने पहिल्या दिवशीच सांगितले की, "अहो, संस्कृतातला धातू चालवणं आणि कॅमेरा चालवणं यात फरक आहे. धातू बिघडला तर पैसे जात नाहीत." स्टुडिओत मी मागच्या काचेत बघूनच फोटो काढला होता; आता डोळा लावून पाहिले तर सगळे धूसर. बिघडलाय हे काकू खरेच बोलल्या आणि मी फसलो, असे मला वाटले. पत्नीने कॅमेरा हातात घेतला, डोळा लावायच्या खिडकीशेजारचे एक बारीक चाक फिरवले आणि परत दिला. सगळे स्वच्छ दिसू लागले. खिडकीला चष्म्याचा नंबर असतो आणि तो आधीच्या मालकाच्या डोळ्याला लावलेला होता, एवढेच. त्यानंतर आतल्या पाटीवर धूळ आहे का हे बघण्यासाठी मी पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले. ते पाहून ती म्हणाली, "नवा छंद छान आहे. उद्या छताचे काढा." फोटोत तीन ठिपके आले. दोन धुळीचे होते, ते फुंकणीने गेले. तिसरा भिंतीवरच होता. तो अजून आहे.

आता मुद्द्याची बाब. या कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती आहे. तिच्यावर एक, दोन आणि तीन असे आकडे आहेत. वापरणारा आपल्या सवयीची मांडणी तिथे कायमची ठेवू शकतो. चकती फिरवली की ती मांडणी लागते. आधीच्या मालकाची मांडणी पुसून कॅमेरा कोरा करून घ्यावा, असा रिवाज आहे. पुसण्याआधी मी ती पाहिली. बातमीदाराला दुसऱ्याचे काही पुसण्याआधी वाचायची खोड असते.

एक नंबरवर खुर्चीत बसलेल्या माणसासाठी असावी तशी साधी मांडणी होती. शटर सावकाश, प्रकाश भरपूर. दोन नंबरवर शटर बरेच जलद केलेले होते. तीन नंबरवर ते अतिशय जलद होते, आणि बटण एकदा दाबले की एकामागून एक असे पुष्कळ फोटो निघतील, अशीही सोय केलेली होती. शटर इतके जलद केले की उजेड कमी पडतो. तो भरून काढायला कॅमेऱ्याची संवेदनशीलता चढवावी लागते, आणि मग फोटोवर बारीक वाळू सांडल्यासारखी दिसते. ती वाळू पत्करून ही मांडणी करतात, कारण एवढ्या वेगात फोटो हलत नाही. आणि हललाच, तर पुष्कळांतला एखादा तरी धड निघतो. धावणाऱ्या घोड्यांचे, उडणाऱ्या पक्ष्यांचे फोटो असे काढतात.

काकांच्या स्टुडिओत लोक खुर्चीत बसतात.

या मांडणीवरून तुम्ही काय समजलात, असे हवालदारांनी विचारले. समजणे ही घटना नव्हे, ती जबाबात येत नाही, असे मी सांगितले. कॅमेरा बिघडला असे ज्याला खरोखर वाटते तो माणूस काय करील, असे त्यांनी पुन्हा विचारले. तो दुरुस्तीला देईल, असे मी उत्तर दिले. तिन्ही मांडण्या मी पुसल्या नाहीत. का पुसल्या नाहीत हे पत्नीनेही विचारले होते. तिला मी राहून गेले असे सांगितले. ती म्हणाली, "राहू देत मग." एरवी ती एवढ्यावर सोडत नाही.

आज सकाळी नव्या वाचनालयाचे उद्घाटन होते. वाचनालय आमच्या गल्लीपासून लांब, पुलापलीकडे आहे. काकूंना दिलेला शब्द मोडण्याचा माझा हेतू नव्हता. परंतु कॅमेरा कंपनीत गेल्यापासून काकांना दुकानात काम उरलेले नाही. ते सकाळी पायी निघतात आणि जिथे काही समारंभ दिसेल तिथे थांबतात, हे मला माहीत नव्हते. फीत कापायच्या वेळी फोटोग्राफर जिथे उभे राहतात, तिथे मी जाऊन उभा राहिलो. काका तिथे आधीच उभे होते. गळ्यात काही नव्हते. तरी जागा तीच.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पट्ट्याकडे पाहिले.

"शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "हा कॅमेरा कंपनीत आहे."

मी म्हणालो, "काका, कॅमेरे एकसारखेच दिसतात."

"कॅमेरे दिसतात. पडदे नाही दिसत." त्यांनी पट्टा धरला. "हा माझ्या घरचा पडदा आहे. कंपनीतनं तुमच्या गळ्यात कसा आला?"

एवढ्यात फीत कापली गेली. तो फोटो माझ्याकडून राहिला. टाळ्या झाल्या. माणसांना वाटले की पुढचा कार्यक्रम आमचाच आहे, म्हणून ती आमच्याभोवती जमली. बंदोबस्ताला असलेल्या शिपायाने दोघांनाही विचारले की कॅमेरा कोणाचा. काका म्हणाले, माझा. मी काही म्हणालो नाही. शिपायाने, माझ्या मते बरोबरच, मला संशयित धरले.

ठाण्यात काकांना बाकावर आणि मला त्यांच्या शेजारीच बसवण्यात आले. दोघांत कॅमेरा होता. काकांनी तक्रार सांगितली ती अशी की, दुरुस्तीसाठी कंपनीत दिलेला कॅमेरा मधल्यामध्ये कोणीतरी लांबवला आहे. कोणत्या कंपनीत, याचे उत्तर त्यांना देता आले नाही. "ते आमची ही बघते," असे ते म्हणाले. हवालदारांनी काकूंना फोन करून बोलावले. त्यावर काका म्हणाले, "तिला कशाला बोलावता उन्हाचं? तिला यातलं काय कळतंय?"

मग हवालदार माझ्याकडे वळले. "साहेब, कॅमेरा कुठून आणला?"

माझ्यापुढे पेच होता. खरे सांगावे, तर काकूंनी नवऱ्यापासून काय लपवले आणि का लपवले, हे काकांना चारचौघांत, बाकावर बसून ऐकावे लागणार. न सांगावे, तर मी चोर. दोन्हींत मला स्वतःला पहिले अधिक जड वाटले, पण दुसरे काही फार हलके नव्हते. संस्कृत शिकलेल्या माणसाला अशा वेळी कर्मणी प्रयोग आठवतो. त्यात काम होते आणि करणारा दिसत नाही.

मी म्हणालो, "कॅमेरा मिळाला."

"कोणी दिला?"

"दिला गेला."

"आपोआप?"

"व्यवहार झाला."

हवालदार म्हणाले, "साहेब, कर्ता सांगा. नाहीतर मी तुम्हालाच कर्ता धरतो."

व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चूक होते. बाकी सर्व दृष्टींनी बरोबर होते. मी कर्ता सांगितला नाही. तेव्हा त्यांनी काकांना सांगितले की कॅमेरा हाताळून पाहा आणि तो तुमचाच असल्याची खूण दाखवा; पट्टा कोणीही लावील.

काकांनी कॅमेरा उचलून टेबलावर नेला. दोन्ही कोपरे टेबलावर घट्ट टेकवले आणि मगच तो सुरू केला. पहिल्याने त्यांनी चकती तीन नंबरवर आणली आणि काचेवर पाहिले. त्यांची मांडणी जशीच्या तशी होती. ती अजून तिथे आहे याची त्यांना कल्पना नसावी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या हरवलेल्या माणसांच्या फोटोंकडे पाहिले.

नंतर त्यांनी कार्डावरचे फोटो मागे मागे नेले. वाचनालयाची पाटी. मधल्या दिवसांतले सत्कार आणि समया. आमच्या घराची भिंत, तिचे तीन ठिपके. पुन्हा भिंत. आणि अगदी पहिला, मी स्टुडिओत काढलेला काकूंचा फोटो : मागे अर्धे शटर, पुढ्यात फ्रेमच्या काचा, उघडा खण. म्हणजे कॅमेरा कुठून आला आणि कोणी दिला, ते सगळे त्यात होते. कार्डात तो फोटो आहे हे मला माहीत होते; काका तिथवर जातील हे माझ्या ध्यानात आले नाही. त्या वेळी पुढे होऊन कॅमेरा काढून घ्यावा असे वाटले होते. घेतला नाही.

काकांनी तो फोटो मोठा केला. फोटोवाले डोळ्यापाशी मोठा करून बघतात, तसा डोळ्यापाशी. काकूंच्या पापण्या एकेक मोजता येतील अशा होत्या. ते किती वेळ पाहत होते, हे मी सांगू शकत नाही. हवालदारांनी मध्ये एक फोन घेतला आणि तो संपवला.

"छान आलाय," काका म्हणाले. "हलला नाही."

हवालदार म्हणाले, "मग? पटली खूण?"

काकांनी कॅमेरा बंद केला. "हा माझा नाही."

"काका, मघाशी तर छातीठोक सांगत होतात."

"मघाशी चष्मा नव्हता."

"आत्ता तरी कुठे आहे?"

"म्हणून तर. चष्मा लावला तर आणखीच वेगळा दिसेल." आणि मग मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, या तुमच्या कॅमेऱ्यात तीन नंबरवर कोणीतरी काहीतरी लावून ठेवलंय. पुसून टाका. तुम्हाला नाही लागायचं ते."

मी बरे म्हणालो.

काकू आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. पायांत एक चप्पल त्यांची होती आणि एक काकांची. हे तिथल्या सगळ्यांना दिसले. त्यांनी टेबलावरचा कॅमेरा पाहिला, मला पाहिले, आणि बाकाचा कठडा धरून म्हणाल्या, "अहो, मी सांगते. माझंच—"

"तू काही सांगू नकोस," काका म्हणाले. "माझीच गफलत झाली. दुसऱ्याचा कॅमेरा आपला समजलो. शास्त्रीबुवांना उगाच इथवर आणलं."

काकूंनी पट्ट्याकडे पाहिले. टाके त्यांच्या हातचे होते. त्या म्हणाल्या, "आपला नाही?"

"आपला कंपनीत नाही का? तूच सांगितलंस ना."

"हो," काकू म्हणाल्या.

"मग झालं. येईल तेव्हा येईल. घाई कोणाला आहे?" पुढे ते म्हणाले, "आणि नाही आला तरी चालेल. फ्रेमचं काम वाढवू आपण. फ्रेम काही हलत नाहीत."

"मला काचा कापता येतात," काकू म्हणाल्या.

"मोजमाप मी करीन."

हवालदारांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला काकांपुढे केला. काकूंनी तो मध्येच घेतला, अर्धा स्वतः प्यायल्या आणि उरलेला काकांना दिला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेऊन संपवला. पाणी कुठेही सांडले नाही. मग ते दोघे गेले. पायरी उतरताना काका म्हणाले, "एक चप्पल माझी घालून आलीस, बदल," आणि काकू म्हणाल्या, "घरी गेल्यावर. आत्ता ठीक चाललीय."

ते गेल्यावर मी हवालदारांना म्हणालो की आता जबाबाची गरज उरलेली नाही. त्यांनी सांगितले की तक्रारीची नोंद डायरीत झालेली आहे, कागद मोकळा सोडता येत नाही, म्हणून काय घडले ते खरे खरे सांगा. प्रकरण मिटले की फाइल कपाटात जाते आणि त्या कपाटाची किल्ली गेली दोन वर्षे सापडलेली नाही. या खात्रीवर मी वरील सर्व हकीकत सांगितली आहे. काकूंवर माझी काही तक्रार नाही. काकांवर नाही. कॅमेऱ्यावरही नाही, तो उत्तम चालतो.

शेवटी हवालदारांनी विचारले, "एक राहिलं, साहेब. कॅमेरा जर धड आहे, तर मग काकांचे फोटो हलायचे कशाने? कारण लिहावं लागेल."

मी त्यांना सांगितले की आपल्या भाषेत फोटो हलतो. कोणी हलवला असे आपण म्हणत नाही. इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नाही आणि ठाण्याचे काम मराठीत चालते. पाऊस पडतो, दूध नासते, तसा फोटो हलतो. त्याला कर्ता लावणे शुद्धलेखनात बसत नाही.

हवालदार थोडा वेळ पेनाचे टोपण चावत बसले. मग त्यांनी 'फोटो हलत असत' एवढे लिहिले आणि पुढे पूर्णविराम दिला. तो मला दाखवला. मी म्हणालो, बरोबर आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला, तोही दार लोटून. जे लिहिले आहे ते मी सांगितल्याप्रमाणे लिहिले आहे, आणि जे लिहिलेले नाही तेही मी सांगितल्याप्रमाणेच लिहिलेले नाही. खाली सही करतो.